कौंचाचे लाडू आणि पाच मिनिटांचं बातमीपत्र

हा मजकूर पार्किन्सन्स झालेल्यांसाठी आहे, आणि त्यांच्या घरात लाडू वळणाऱ्यांसाठीही. दुसऱ्या गटाने तो जास्त लक्ष देऊन वाचावा.

मी दिल्लीत एका वृत्तसंस्थेच्या मराठी ध्वनिसेवेत काम करते. संध्याकाळचं पाच मिनिटांचं बातमीपत्र लिहिणं आणि वाचणं, हे काम. बातमीत ‘मी’ येत नाही. इथे यावा लागतो, कारण प्रसंग माझ्यावरच आला. टाळता येईल तिथे टाळला आहे.

कान ठणठणीत

सुरुवात आवाजापासून झाली, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. माझा नवरा विनय केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अधिकारी आहे. त्याला वाटलं, आपल्याला ऐकू कमी येतंय. तो न सांगता जाऊन कान तपासून आला आणि अहवाल टेबलावर ठेवून म्हणाला, “बिल्कुल नॉर्मल. म्हणजे तूच पुटपुटतेस.”

मग अक्षर बारीक होत गेलं. ओळीच्या सुरुवातीला ठीक, शेवटी मुंगीएवढं. मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या बागेत सकाळी फिरताना खालच्या मजल्यावरच्या भल्ला आंटी मागून येत होत्या. त्यांनी हाक मारली, “स्मिता, तेरा एक हाथ छुट्टी पर है क्या?” खरंच होतं. डावा हात चालण्याबरोबर हलत होता. उजवा अंगाला चिकटून स्वस्थ होता.

निदानाच्या दिवशी यंत्र नव्हतं, सुई नव्हती. डॉक्टरांनी अंगठ्यावर बोट आपटायला लावलं, मूठ उघडझाप करायला लावली, व्हरांड्यात चालवलं, मागून खांद्याला हलका हिसका दिला. नंतर आजाराचं नाव सांगितलं.

“बस, इतने से?” विनयने विचारलं.

“इतना काफ़ी है.”

“सर, ये परमनंट है?” विनयचं आयुष्य फायलींत गेलं आहे.

“बीमारी रहेगी,” डॉक्टर म्हणाले. “ये भी रहेंगी.”

मी एकच प्रश्न विचारला: आवाज परत येईल का? ते म्हणाले, “देखते हैं.” वार्ताहराला हे उत्तर ओळखता येतं. त्याचा अर्थ ‘आत्ता सांगता येत नाही’ एवढाच असतो, पण ऐकणाऱ्याला त्यात नकार ऐकू येतो.

बाहेर येऊन आम्ही गाडीवर छोले-कुलचे खाल्ले. विनयच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मिरची फार आहे, असं त्याने गाडीवाल्याला सुनावलं. गाडीवाल्याने आमच्याकडे एकदा बघितलं, हॉस्पिटलच्या फाटकाकडे एकदा बघितलं आणि न मागता कांदा जास्त वाढला.

काय पणाला लागलं होतं

गोळ्या सुरू झाल्या. चाल सुधारली, ब्लाउजचे हुक लागायला लागले. आवाज मात्र जागचा हलला नाही. ऑक्टोबरात संपादकांनी मला बोलावून अतिशय सभ्यपणे वाचनाच्या पाळीतून काढलं. “लिहीत राहा. वाचायला दुसरं कोणीतरी बघू.”

त्यांचं चुकलं नव्हतं. ऐकणाऱ्याला जे ऐकू येत नाही ते बातमीपत्र नव्हे. पण मी लिहिलेली वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना प्रत्येक संध्याकाळी एकच विचार येई: हे पुन्हा माझ्या तोंडी येणार आहे की नाही? बाकी आजाराशी माझं फार भांडण नव्हतं. चहाचा कप डाव्या हाताने धरता येतो. ती पाच मिनिटं डाव्या हाताने धरता येत नाहीत.

अक्का आल्या

विनयच्या थोरल्या बहिणीला आम्ही अक्का म्हणतो. नगरला शाळेत शिकवून त्या निवृत्त झाल्या. माझं माहेर साताऱ्याचं, हिंदू. सासर नगरचं, ख्रिस्ती. त्यामुळे आमच्याकडे फराळ दिवाळीलाही होतो आणि नाताळलाही. दोन्ही धर्मांचं लाडवावर एकमत आहे, असं विनय म्हणतो.

डिसेंबरच्या सुरुवातीलाच अक्का आल्या त्या मुक्कामाच्या तयारीने. एका बॅगेत कपडे, दुसरीत गूळ, खारीक, खोबरं आणि डिंक. त्यांना कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र आहे, पण ते पर्समध्ये असतं, कारण “त्यात पंख्याचा आवाज फार येतो.” दिल्लीच्या डिसेंबरात पंखा कोण लावतो, हे कोणी विचारत नाही.

“अक्का, चहा घेता?”

“काय?”

“चहा!”

“अगं, ओरडतेस कशाला? घेते की.”

पुढचा प्रसंग मला नंतर कळला. क्रमाने सांगायचं तर तो इथे येतो. गच्चीवर दुपारच्या उन्हात भल्ला आंटी आणि अक्का शेजारी बसल्या होत्या. एकीचं हिंदी पंजाबी वळणाचं, दुसरीचं नगरी. माझी विचारपूस झाली. आंटी म्हणाल्या, “बहनजी, मैं तो सर्दियों में पिन्नी में कौंच के बीज का पाउडर डालती हूँ. नसों में जान आ जाती है.” पिन्नी म्हणजे पंजाब्यांचा हिवाळी लाडू. संध्याकाळी त्यांनी ती पूड वाटीभर पाठवूनही दिली. अक्कांनी ती डिंकाच्या लाडवात घातली, आणि संपल्यावर जडीबुटी विकणाऱ्या पंसाऱ्याकडून आणखी आणवली. यात लपवाछपवी काही नव्हती. मेथी घालताना जसं कोणाला सांगत नाहीत, तसंच हेही सांगितलं नाही.

सकाळच्या गोळीनंतर चहाबरोबर एक लाडू, चारच्या गोळीनंतर एक. “बारीक झालीस,” हे कारण पुरेसं होतं.

सुखाचा डिसेंबर

दोन आठवड्यांत मी वेगळी बाई झाले. हात चालायला लागला. स्वाक्षरी बँकेतल्या जुन्या स्वाक्षरीशी जुळली. आणि आवाज आला. चर्चमध्ये नाताळच्या गाण्यांना मी मागच्या रांगेतून गायले, तर पुढच्या रांगेतल्या दोघी वळून बघायला लागल्या. विनय म्हणाला, “यार, आता जरा हळू.” हे वाक्य त्याने दीड वर्षात उच्चारलं नव्हतं.

संपादकांनी चाचणी घेतली आणि नव्या वर्षापासून आठवड्यातले दोन दिवस मला परत दिले. घरी पोचले तेव्हा अक्कांनी केक कापून ठेवला होता. वर एक लाडू होता.

जानेवारी

संक्रांतीच्या सुमाराला मान डुलायला लागली. मग उजवा खांदा, मग हात. हा आजाराचा कंप नव्हता. तो थरथरता असतो. हे वळणं होतं, झुलणं होतं, जणू कुठेतरी वाद्य वाजतंय आणि ते फक्त माझ्या खांद्याला ऐकू येतंय. दुखत नव्हतं. थांबवता येत नव्हतं.

पडद्याच्या कडेला एक मांजर बसलेलंही दिसायला लागलं. आमच्याकडे मांजर नाही. मी विनयला विचारलं, “तिथे मांजर आहे का?”

“नाही.”

“बरं.” दुसऱ्या सूत्राकडून दुजोरा मिळाला नाही, म्हणून मी ती बातमी सोडून दिली. विनयला मात्र त्या रात्री झोप लागली नाही.

एका शुक्रवारी बातमीपत्राच्या मध्यावर मान अशी झुलली की वाक्याचा अर्धा भाग माइकला मिळाला आणि अर्धा भिंतीला. ध्वनिमुद्रण तीनदा केलं. चौथ्यांदा दुसऱ्या सहकाऱ्याने वाचलं. माझे दोन दिवस गेले.

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच आठी दिसली. गोळ्यांमुळे अशा हालचाली होतात, पण सहसा पुष्कळ वर्षांनी, म्हणाले. इतक्या लवकर, इतक्या कमी मात्रेवर होत असतील, तर एक तर आजार वेगाने पुढे गेला आहे किंवा तो आपल्याला वाटला तो नाहीच. मग त्यांनी विचारलं, “कोई देसी दवा? चूर्ण, काढ़ा, जड़ी-बूटी?”

आम्ही तिघंही समोर होतो. मी नाही म्हटलं. विनय “बिल्कुल नहीं” म्हणाला. अक्कांनी प्रश्न पुन्हा विचारून घेतला आणि जरा रागानेच सांगितलं, “हमारे घर में वैसा कुछ नहीं चलता. जो आप लिखते, वही देते.”

तिघांनीही खरं सांगितलं होतं. प्रश्न औषधाचा होता.

वॉर्ड

निरीक्षणासाठी भरती केलं. वॉर्डात सकाळ फार लवकर होते: आधी दिवे, मग तापमान, मग चहा, ज्यात साखर आधी आणि चहा नंतर घातलेला असतो. नाश्त्याला दलिया. गोळ्या घरच्याच मात्रेत, घरच्याच वेळेला, फक्त आता परिचारिका समोर उभी राहून गिळायला लावायची. शेजारच्या खाटेवर मेरठच्या एक बाई होत्या. त्यांनी पहिल्याच तासात माझं गाव, नवऱ्याचा पगार आणि मुलं का नाहीत, हे विचारून घेतलं, आणि मग स्वतःजवळचं किन्नू संत्रं सोलून अर्धं माझ्या हातात ठेवलं. दुपारी खिडकीतून ऊन त्यांच्या खाटेवर यायचं. त्या पाय आखडून घेत आणि म्हणत, “आ जा, आधी धूप तेरी.”

भीती दुपारीच जास्त वाटायची. आजार वेगाने पुढे गेला असेल, तर बातमीपत्राचा प्रश्नच मिटला होता. मी मनातल्या मनात ते वाक्य बातमीसारखं लिहून बघितलं, आणि पुढचं वाक्य सुचलं नाही.

पण दुसऱ्या दिवशी खांदा शांत झाला. तिसऱ्या दिवशी मान. मांजरही आलं नाही. गोळ्या त्याच होत्या. डॉक्टरांनी फाइल उलटसुलट वाचली. त्यांच्यासोबतच्या भटिंड्याच्या तरुण डॉक्टर मुलीने मला दोनदा चालवून बघितलं. कोणालाच काही कळेना.

त्याच दुपारी अक्का आल्या. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मेरठच्या बाईंनीही पदर डोक्यावर घेऊन हात जोडले आणि शेवटी “आमीन”च्या जागी “जय माता दी” म्हणाल्या. मग डबा उघडला. दलियाला कंटाळलेल्या माणसाने जे करावं तेच मी केलं: एक लाडू खाल्ला आणि लगेच दुसरा.

तासाभरात खांदा वळायला लागला. अक्का घाबरून डॉक्टर मुलीला घेऊन आल्या. तिने माझा हात बघितला, घड्याळ बघितलं आणि मग तिची नजर डब्यावर गेली.

“आंटी, ये पिन्नी है?”

“पिन्नी नहीं, डिंक का लाडू. लो, खाओ.” अक्का समोरच्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत, तो कामावर असला तरी.

तिने एक घास घेतला. “मेरी नानी के जैसा है. इसमें क्या-क्या है?”

अक्कांना आयुष्यात याहून आवडता प्रश्न कोणी विचारलेला नाही. त्या बोटांवर मोजायला लागल्या. “गोंद, खारीक, खोबरा, गुड़, मेथी, खसखस. और वो भल्लाबाई का कौंच.”

डॉक्टर मुलगी चावायची थांबली. “कौंच? कितना?”

“दो मूठ.”

“हर बार दो?”

“हाथ में जितना आता है उतना.”

तिने उरलेला लाडू अतिशय आदराने झाकणावर ठेवला आणि पळतच मोठ्या डॉक्टरांकडे गेली.

“लाडू कुठं विचारला?”

कौंच म्हणजे आपली खाजकुयली. तिच्या बियांत निसर्गतःच तो पदार्थ असतो जो माझ्या गोळीत मोजून घातलेला असतो. मेंदूला हालचालीसाठी जे कमी पडतं, ते त्यापासून तयार होतं. गोळीत त्याला जपून मेंदूपर्यंत नेणारं आणखी एक औषधही असतं, आणि ते लाडवातल्या मालालाही तितक्याच इमानाने मदत करत होतं. म्हणजे मी दिवसातून दोनदा गोळी घेत होते आणि दोनदा न मोजलेली दुसरी गोळी. कधी लहान मूठ, कधी मोठी.

“आजार पुढे गेलेला नाही,” डॉक्टर हिंदीत म्हणाले. मी त्यांना ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. एखादी गोष्ट दोनदा तपासून घेण्याची सवय कधी इतकी गोड वाटली नव्हती. मेरठच्या बाईंना काय झालं ते कळलं नव्हतं, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाहेर व्हरांड्यात मात्र भाऊ-बहीण उभे होते आणि मला सगळं ऐकू येत होतं, कारण अक्कांशी हळू भांडता येत नाही.

“अक्का, तू सांगितलं का नाहीस?”

“मला कोणी विचारलं?”

“डॉक्टरांनी विचारलं, सर्वांसमोर!”

“त्यांनी औषध विचारलं. लाडू कुठं विचारला? आणि खाजकुयली अंगाला लागली की माणूस खाजवून वेडा होतो. ती मी माझ्या हाताने लाडवात घालीन? मला काय माहीत कौंच म्हणजे तीच!”

“माहीत नाही तर घालायचं नाही ना यार! तुझ्या लाडवांनी ती मेली असती!”

हे खरं नव्हतं, पण बोललं गेलं. अक्का डबा घेऊन मेट्रोने एकट्या घरी गेल्या.

शांत घर

मी घरी आले तेव्हा स्वयंपाक तयार होता, लाडू नव्हते आणि अक्का फक्त कामापुरतं बोलत होत्या. चहा न विचारता समोर येई. विनय माफी मागायला दोनदा त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि पेपर घेऊन परत आला. घरात टाचणी पडलेली ऐकू आली असती, अर्थात अक्का सोडून.

डॉक्टरांनी गोळीची मात्रा थोडी वाढवली, मोजून. हालचाली गेल्या त्या गेल्याच. चाल छान होती. पण पंधरवड्यात आवाज पुन्हा खाली गेला. विनय पुन्हा “काय?” म्हणायला लागला. मी निष्कर्ष काढला: डिसेंबरचा आवाज लाडवाचा होता. उसना होता, परत गेला. एकदा मनात आलं, भल्ला आंटींकडून चमचाभर मागून आणावं. मी उठून दारापर्यंत गेलेही. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी आज त्या दारापाशी असेल. तिथून फिरा आणि डॉक्टरांना फोन करा. मी तो केला. त्यांनी वाचोपचाराच्या तरुण तज्ज्ञाकडे पाठवलं.

त्याने आवाज मोजला, डिसेंबरची ध्वनिमुद्रणं ऐकली आणि म्हणाला, “मॅम, गोली या बीज से आवाज़ पर इतना फ़र्क़ कम ही पड़ता है. दिसंबर में घर में कुछ बदला था? कोई आया था?”

“माझी नणंद.”

“वो ऊँचा सुनती हैं?”

मी आणि विनयने एकमेकांकडे बघितलं.

या आजारात आवाजावरचा उपाय म्हणजे रोज, ठरवून, आपल्याला ओरडल्यासारखं वाटेल इतक्या मोठ्याने बोलणं. डिसेंबरभर मी सकाळपासून झोपेपर्यंत तेच करत होते. आणि गेले पंधरा दिवस घरात कोणी कोणाशी बोलत नव्हतं. श्रेय किती कानांचं आणि किती बियांचं, हे कोणी नेमकं सांगू शकणार नाही. तज्ज्ञाचा कौल कानांच्या बाजूने होता.

घरी आल्यावर विनय थेट अक्कांच्या खोलीत गेला. “अक्का, चुकलो,” तो म्हणाला.

“काय?”

“चुकलो!”

“ऐकू आलं मला पहिल्यांदाच. पुन्हा म्हणून घेतलं.”

मग त्याने सगळं सांगितलं. अक्का पलंगावर ताठ बसल्या. “म्हणजे लाडवातलं औषध माझं, आणि आता उपाय म्हणून कानही माझेच?”

“हो.”

“मग मी परतीचं तिकीट रद्द करते. विनू, नगरला फोन लाव. सगळ्यांना सांगू दे.”

भावकीत, चर्चमध्ये आणि त्यांच्या सगळ्या माजी विद्यार्थ्यांत ही बातमी पसरली आहे की दिल्लीच्या डॉक्टरांनी अक्कांच्या लाडवात गोळीची ताकद असल्याचं मान्य केलं. मी खुलासा प्रसिद्ध केलेला नाही.

सराव गच्चीवर सुरू झाला. एका टोकाला मी कालचं बातमीपत्र घेऊन, दुसऱ्या टोकाला खुर्चीवर अक्का, श्रवणयंत्राशिवाय. मध्ये वाळत घातलेल्या चादरी.

“‘मंत्रिमंडळाच्या’ नंतर काय? गिळलंस.”

“बैठकीत!”

“शाब्बास. आता पुन्हा, आणि भल्लाबाईंना खाली ऐकू जाईल असं.”

खालून आवाज आला, “आ रहा है जी, सब आ रहा है! महाराष्ट्र में क्या हुआ, मुझे सब पता है!”

एकदा वाक्य संपवताना मला हसू फुटलं आणि ते हसूही मोठ्याने आलं. कितीतरी महिन्यांनी मी माझं हसणं ऐकलं.

स्टुडिओ

होळी झाल्यावर मी संपादकांना स्वतःहून फोन केला. त्यांनी ‘हॅलो’ ऐकलं आणि म्हणाले, “कोण बोलतंय?” मी नाव सांगितलं. ते म्हणाले, “उद्या या. वाचूनच बघू.”

विनयने सुट्टी घेतली होती. तो आणि अक्का बाहेरच्या बाकावर बसले. अक्कांनी त्या दिवशी श्रवणयंत्र लावलं होतं, बाहेरच्या छोट्या स्पीकरसाठी. मी गोळी वेळेवर घेतली होती. सकाळचा नाश्ता उपमा होता. त्यातला प्रत्येक जिन्नस मला माहीत होता.

आजार माझ्यासोबत स्टुडिओत आला होता. उजव्या हाताची बोटं कागदाच्या कडेवर हलकी थरथरत होती, म्हणून पानं मी टेबलावर सुटी ठेवली. मान स्थिर होती. दिवा लागला. मी पोटातून श्वास घेतला, गच्चीच्या टोकाकडे बघितल्यासारखं समोर बघितलं आणि “नमस्कार” म्हटलं.

दुसऱ्या बातमीच्या मध्यावर काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकाने हात वर केला आणि मुद्रण थांबवलं. संपादक त्याच्याकडे वळले. त्याने बटण दाबलं, आणि त्याचा आवाज माझ्या कानात आला.

“मॅडम, आवाज़ बहुत तेज़ है, फट रही है. कुर्सी थोड़ी पीछे कर लीजिए.”

मी खुर्ची मागे घेतली आणि पहिल्या बातमीपासून पुन्हा सुरुवात केली.